निबंधातील स्तोत्र आणि विचार

(महाविद्यालयीन अध्यापकांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



एखादी कविता, एखादे भाषण किंवा एखादा तात्त्विक युक्तिवाद विद्यार्थ्यापुढे ठेवून आपण त्याला सांगतो, 'याचे विश्लेषण कर.' उत्तरपत्रिकेत बहुधा येते ते स्तोत्र. लेखक थोर, विचार ज्वलंत, भाषा ओघवती आणि संदेश आजही मार्गदर्शक, एवढे म्हणून निबंध संपतो. नाव बदलले की तोच निबंध टिळकांना चालतो, आगरकरांना चालतो, साने गुरुजींनाही चालतो. जे सर्वांना सारखेच लागू पडते ते कोणाविषयीच काही सांगत नाही.

यात विद्यार्थ्याला दोष देऊन भागणार नाही. गुण कशाला मिळतात, हे तो अचूक ओळखतो. पूर्वी असे निबंध गाइडांतून मिळत. आता संगणकही ते क्षणार्धात लिहून देतो. यंत्राला ते सहज जमते, कारण आपली मागणीच यांत्रिक झाली आहे. मी अर्थशास्त्राचा अध्यापक. साहित्याच्या प्रांतात माझा अधिकार मर्यादित. परंतु विधान आणि पुरावा यांतील नाते तपासणे हे सर्वच शास्त्रांचे समान काम आहे. तेवढ्याच आधारावर मी तीन उदाहरणे घेऊन बोलणार आहे.

पहिले उदाहरण भाषणाचे. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घटना समितीत केलेले समारोपाचे भाषण आपल्या मुलांना परिचित आहे. त्यावरील निबंधात तीन इशारे क्रमाने येतात: सनदशीर मार्ग सोडू नका, राजकारणात विभूतिपूजा करू नका, राजकीय लोकशाहीला सामाजिक लोकशाहीची जोड द्या. मग वंदन होते आणि निबंध संपतो. ज्या भाषणाने भक्तीविरुद्ध इशारा दिला, त्याच भाषणाची आपण आरती करतो, ही विसंगती ना लिहिणाऱ्याला खुपते, ना तपासणाऱ्याला.

विश्लेषणाचा पहिला प्रश्न असा: वक्ता कोणाला उत्तर देतो आहे? त्या दिवशी बाबासाहेबांनी घटनेच्या टीकाकारांत दोन पक्षांचा स्पष्ट उल्लेख केला होता, कम्युनिस्ट आणि समाजवादी. सत्तेवर आल्यास मोबदला न देता खाजगी मालमत्तेचे राष्ट्रीयीकरण करण्याची मुभा असावी आणि मूलभूत हक्कांवर कोणतीही मर्यादा नसावी, या समाजवाद्यांच्या मागण्या त्यांनी मांडल्या आणि नाकारल्या. आपण ज्यांना आपले मानतो त्यांच्याशी बाबासाहेब येथे वाद घालीत आहेत, हे विद्यार्थ्याला कळले की भाषण जिवंत होते. भाषणानंतर काय घडले, हेही त्याने पाहावे. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांच्या यादीतून वगळला गेला. १९४९ चा तो वाद निकालात निघाला असे कोणी समजू नये, हे यावरून दिसते.

दुसरा प्रश्न युक्तिवादाच्या अटीचा. सविनय कायदेभंग, असहकार आणि सत्याग्रह हेही सोडले पाहिजेत, असे बाबासाहेब म्हणाले. १९२७ साली महाडला चवदार तळ्यावर आणि १९३० पासून नाशिकला काळाराम मंदिरापुढे सत्याग्रह उभारणारा नेता हे म्हणतो, तेव्हा सामान्य विद्यार्थी एक तर हा विरोध पाहतच नाही, किंवा 'वक्त्याने मत बदलले' असे लिहून मोकळा होतो. दोन्ही उत्तरे आळशी आहेत. भाषणात अट आहे. सनदशीर मार्ग उपलब्धच नव्हते तेव्हा त्या साधनांचे समर्थन करता येत होते. आता ते मार्ग खुले झाल्यावर करता येत नाही, असा तो विचार आहे. म्हणजे महाडचे सत्याग्रही आणि १९४९ चे घटनाकार यांत फरक आहे तो परिस्थितीचा.

पण प्रश्न येथे थांबत नाही. त्याच भाषणाच्या पुढील भागात बाबासाहेब सांगतात की २६ जानेवारी १९५० रोजी आपण विसंगतीच्या जीवनात पाऊल टाकणार आहोत. राजकारणात समता असेल, समाजात आणि अर्थव्यवहारात विषमता राहील. आणि ती लवकर मिटवली नाही तर तिचे चटके सोसणारे लोक ही इमारत उद्ध्वस्त करतील. मग विद्यार्थ्याने विचारावे: ज्याच्याकडे वकिलाची फी नाही, कोर्टाच्या फेऱ्या घालण्यासाठी मजुरी बुडवण्याची ऐपत नाही, त्याला सनदशीर मार्ग खरोखर उपलब्ध आहे काय? कागदावर खुला असलेला दरवाजा सर्वांना खुला असतो काय? पहिल्या इशाऱ्याची अट आणि तिसऱ्या इशाऱ्यातील वास्तव यांमध्ये ताण आहे. तो ज्याला दिसला त्याने भाषण वाचले. उत्तर तो कोणत्याही बाजूने देवो. बाबासाहेबांच्याच विधानांतून त्याने ते उभे केले, तर ते पूर्ण गुणांचे उत्तर आहे.

दुसरे उदाहरण साहित्याचे. १८८३ साली लिहून पूर्ण झालेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथाच्या आरंभीचे महात्मा फुल्यांचे पद्य महाराष्ट्रात शाळेच्या भिंतींवर रंगवलेले असते. अर्थशास्त्राच्या दृष्टीने ती एक कार्यकारणाची साखळी आहे. विद्येच्या अभावापासून निघून ती कडीकडीने आर्थिक नाशापर्यंत जाते, आणि शेवटी सारा दोष त्या मूळ कारणावर ठेवते. हे आपल्याला इतके पटते कशामुळे? प्रत्येक चरण मागील चरणाचा शेवट उचलतो, यमक पुढील कडी अटळ भासवते. काव्याच्या रचनेने तर्काला बळ दिले आहे. विद्यार्थ्याने हे दाखवावे आणि मग ग्रंथाची प्रकरणे उघडावीत. तेथे सरकारी सारा आहे, सावकार आहे, कोर्टकचेरी आहे, गायराने गिळणारे जंगलखाते आहे. पद्यात कारण एक, ग्रंथात अनेक. मग अविद्या हे मूळ कारण, की बाकीच्या कारणांपुढे शेतकऱ्याला निराधार करणारी अवस्था? एवढा एक प्रश्न नीट मांडणारा निबंध दहा पानांच्या गौरवापेक्षा जोतीरावांच्या अधिक जवळ जातो.

तिसरे उदाहरण तात्त्विक वादाचे. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने बाबासाहेबांना अध्यक्ष म्हणून बोलावले, पण त्यांचे भाषण आधी वाचून परिषदच रद्द केली. ते न झालेले भाषण त्यांनी पुस्तकरूपाने छापले. गांधीजींनी 'हरिजन'मधून उत्तर दिले. त्यांचा एक मुद्दा असा, की धर्माची पारख त्याच्या हीन नमुन्यांवरून करू नये, उत्तम नमुन्यांवरून करावी. बाबासाहेबांनी उलट विचारले, की मग उत्तम इतके थोडे आणि हीन इतके बहुसंख्य का?

येथे विद्यार्थ्याने पक्ष घेण्याची घाई करू नये. दोघांच्या म्हणण्याखालचे न बोललेले गृहीत आधी शोधावे. आदर्शाची कसोटी त्याच्या श्रेष्ठ आचरणात असते, असे एकाचे गृहीत. समाजव्यवस्थेची कसोटी तिच्यात सामान्य माणसाचे जे होते त्यात असते, असे दुसऱ्याचे. धर्म हा आदर्श मानावा की व्यवस्था, हा खरा वादविषय. तो नेमका सापडला म्हणजे मत मांडण्याचा अधिकार प्राप्त होतो. माझे मत विचाराल तर मी दुसऱ्या बाजूला आहे. देशाची संपन्नता त्यातील धनाढ्यांवरून मोजू नये, असे मी जन्मभर शिकवीत आलो.

आता आपल्या कामाविषयी थोडे. प्रश्नपत्रिकेत मूळ उतारा छापून द्या, म्हणजे पाठांतराचा उपयोग संपेल. 'स्पष्ट करा' याऐवजी 'यावरील सर्वांत बळकट आक्षेप मांडा आणि तो टिकतो का ते सांगा' असे विचारा. आणि आपल्या मताविरुद्ध गेलेल्या उत्तराला, युक्तिवाद सुसंगत असेल तर, हात आखडता न घेता गुण द्या.

यात समतेचाही प्रश्न गुंतला आहे. सुभाषिते, वळणदार वाक्ये, शुद्ध उच्चार ज्याला घरातच मिळाले, त्याला अलंकारांचे गुण वारशाने मिळतात. ज्याच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा तो पहिलाच आहे, त्याच्याकडे हा वारसा नसतो. पण व्यवस्था कशी चालते आणि कोणाच्या अंगावर येते, हे त्याने पाहिलेले असते. प्रश्न विचारण्याची त्याची कुवत इतरांहून कमी नाही, पुष्कळदा अधिकच असते. भाषणाला विशेषणे वाहण्याबद्दल आपण गुण देतो तेव्हा वारशाला बक्षीस देतो. युक्तिवाद तपासण्याबद्दल देतो तेव्हा कष्टाला देतो. गुणदानाची ही पद्धत बदलायला कोणत्याही सरकारी परिपत्रकाची वाट पाहावी लागत नाही. ती आपल्या लाल पेनाच्या हाती आहे.