जुना खेळ, नवा पडदा
(गोखिवरे येथील पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



गेल्या सुट्टीत माझ्या भाच्याला गोखिवऱ्याच्या घरी माळ्यावर जुना टीव्ही गेम सापडला. त्याच्या आईच्या लहानपणीचा. कॅसेट घालायची आणि प्लास्टिकच्या बंदुकीने बदके मारायची. नव्या सपाट टीव्हीला त्याने तो जोडला. चित्र आले, पण ओबडधोबड, चौकोनी ठिपक्यांचे; आणि बंदुकीने एकही बदक पडेना. पोरानेच काहीतरी बिघडवले, असे घरच्यांनी ठरवूनही टाकले. तो रडकुंडीला येऊन म्हणाला, “मामू, मी काहीच केलं नाही.” आज मी त्याचीच वकिली करायला उभा आहे.

जपानमध्ये 1983 साली निघालेला फॅमिकॉम आणि 1990 च्या दशकात आपल्याकडे विकल्या गेलेल्या त्याच्या नकला, यांचे चित्र 256 गुणिले 240 ठिपक्यांचे. जुन्या पिक्चर ट्यूबमध्ये इलेक्ट्रॉनांचा झोत ओळीमागून ओळ उजळत जातो. ओळींमध्ये बारीक काळी फट राहते, ठिपक्यांच्या कडा मऊ होतात. चित्रकार हे जाणून होते. 1991 च्या ‘सॉनिक’ या खेळातला धबधबा नुसत्या उभ्या पट्ट्यांचा आहे. जुन्या टीव्हीवर साध्या व्हिडिओ वायरीने त्या एकमेकींत मिसळत आणि पाणी पारदर्शक भासे. आजच्या स्वच्छ पडद्यावर पट्ट्या त्या पट्ट्याच दिसतात.

शिवाय सपाट पडद्याच्या ओळी ठरलेल्या. 1080 ओळींत 240 बसवायच्या म्हणजे एकीच्या वाट्याला साडेचार. अर्धी ओळ आणायची कुठून? मग काही जाड, काही बारीक, नाहीतर सगळेच पुसट. विद्यार्थ्यांनो, भागाकार असा आडवा येतो!

आता बंदूक. चाप ओढताच पडदा क्षणभर काळा होतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. नळीतला प्रकाशाचा डोळा तो चौकोन शोधतो. पिक्चर ट्यूब तत्काळ उजळते. नवा टीव्ही चित्र आधी साठवतो, सुधारतो, मग दाखवतो. तोवर बंदुकीचे पाहणे संपलेले असते.

पालकांनो, जुना संच घरी असेल तर तो उघडू नका, भंगारासाठी फोडूही नका. बंद केल्यावरही ट्यूबमध्ये हजारो व्होल्ट साठून राहू शकतात आणि तिच्या काचेत शिसे असते.

आम्ही शेजाऱ्यांकडे पडून असलेला जुना टीव्ही मागून आणला. पहिल्याच चापाला बदक पडले. मग भाच्याच्या आईने बंदूक हातात घेतली, ती तासभर कोणाला दिली नाही.