आपला सांबार, त्यांची कोथिंबीर



आता आपल्याला अक्षरे वाचता येतात. बियाण्याचे पाकीट हाती घेतले. त्यावर छापले आहे 'कोथिंबीर'. अक्षर न् अक्षर लागले. पण ही भाजी कोणती बुवा? अहो, हा तर आपला सांबार! 'चवळी' म्हणजे आपली बरबटी. 'वाल' म्हणजे पोपटाच्या शेंगा. बी तेच, नाव निराळे.

आता उलटे पहा. दिग्रसचा मुलगा पुण्याच्या मंडईत गेला. म्हणाला, "मावशी, एक जुडी सांबार द्या." भाजीवाली हसेल. तिकडे सांबार म्हणजे इडलीबरोबरची आमटी. आपली चून-भाकर तिकडे पिठले-भाकरी होते. आपण आलू म्हणतो, ते बटाटा म्हणतात. त्यांचे अळू म्हणजे पानांची भाजी. आपण त्या पानांना धोपा म्हणतो.

असे का? १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत विदर्भ मध्य प्रदेश राज्यात होता. हिंदी बोलणाऱ्यांशी आपला रोजचा व्यवहार. आलू, बरबटी हे शब्द त्यांच्याही तोंडी आहेत. आणि बटाटा तरी पुण्याचा कुठे? तो शब्द पोर्तुगीज लोकांचा! आपल्याच भागात तांड्यावर जा. बंजारा मंडळी भाकरीला बाटी म्हणतात. काही शब्द तर एकाच घरात चालतात. लेकराने बोबड्या बोलीत भाजीला नाव दिले, की तेच घरात रुळते.

पण शहरात शिकायला गेलेले पोर सुटीत घरी येते आणि म्हणते, "चून नोको म्हणू वं माय, लोकं हासतात." माय बिचारी गप्प बसते. हे बरे नव्हे. आम्ही जन्मभर शाळेत शिकवले, म्हणून सांगतो. छापील शब्द जरूर शिकावा. तो दुकानात, कचेरीत, दवाखान्यात लागतो. पण त्यासाठी घरचा शब्द टाकू नये. नवी सून आली म्हणून सासूला कोणी घराबाहेर काढते काय?

तर एवढे करा. वहीच्या पानावर मधोमध रेघ ओढा. डावीकडे घरचा शब्द लिहा, उजवीकडे छापील. अडले तर घरातल्या म्हातारीला विचारा. तिला पुष्कळ शब्द ठाऊक आहेत, पण लिहिता येत नाही. तुम्हाला आता येते.