भोगवर्धन ते लुंबिनी : वाटेवर भेटलेली मैत्री

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



समितीने आम्हाला सांगितले, "धम्मसहलीला जाऊन आलात, दोन शब्द बोला." आम्ही काही वक्ते नाही. आमच्यातले निम्मे लोक मिरची तोडणारे, कापूस वेचणारे. पण जे पाहिले ते सांगितले पाहिजे. आणि आमच्या हातून एक चूक झाली, तीही सांगितली पाहिजे. म्हणून उभे राहिलो.

२०१८ च्या डिसेंबरात आम्ही ४२ जण भाड्याची गाडी करून निघालो. बरोबर पीठ, ठेचा, शेगडी, घोंगड्या. अजिंठ्याचा घाट उतरलो आणि पहिला मुक्काम केला सांचीला.

सांचीला मुद्दाम थांबलो, बरं का. आपल्या भोकरदनचे जुने नाव भोगवर्धन. १९७३ साली इथे उत्खनन झाले आणि सातवाहन काळातली वस्ती उजेडात आली. सांचीच्या स्तूपावर दान देणाऱ्यांची नावे कोरलेली आहेत, त्यांत भोगवर्धनाहून आलेले लोकही आहेत. म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या गावची माणसे तिथवर पोचली होती. ना गाडी, ना सडक. कोणीतरी त्यांना वाटेत पाणी दिले असेल, ओसरी दिली असेल, तेव्हाच ती पोचली ना? आम्हाला ब्राह्मी लिपी वाचता येत नाही. आम्ही नुसते कठड्यासमोर हात जोडून उभे राहिलो. घरचे कोणी भेटल्यासारखे वाटले.

पुढे सारनाथच्या वाटेवर एका गावात स्वयंपाकासाठी पाणी मागितले. घरमालकाने आधी विचारले, "कौन बिरादरी?" आमच्यातल्या एका आजीने घागर तशीच उचलली आणि मुकाट्याने गाडीत येऊन बसली. गाडीत बराच वेळ कोणी बोलले नाही.

सारनाथला मूलगंधकुटी विहाराजवळचा बोधिवृक्ष पाहिला. त्याची हकिकत ऐकण्यासारखी आहे. सम्राट अशोकाची मुलगी संघमित्रा हिने बुद्धगयेच्या बोधिवृक्षाची फांदी सिंहलद्वीपाला नेली. अनुराधापूरच्या लोकांनी ते झाड दोन हजारांवर वर्षे जपले. आपल्या देशातून धम्म पुसला गेला, तिकडे झाड हिरवेच राहिले. अनागारिक धर्मपालांच्या प्रयत्नाने १९३१ साली मूलगंधकुटी विहार उभा राहिला, आणि त्याच झाडाचे रोप इकडे परत आले. दुसऱ्याची ठेव सांभाळून परत करणे, याहून मोठी मैत्री कोणती?

बुद्धगयेला कडाक्याची थंडी. महाविहाराच्या आवारात अनवाणी चालायचे, फरशी बर्फासारखी. तीच आजी, जिने घागर उचलली होती, भिंतीला टेकून पाय चोळत बसली. शेजारी परदेशी बायांचा एक जथा होता. ब्रह्मदेशाच्या का थायलंडच्या, आम्हाला कळले नाही. त्यातल्या एकीने स्वतःचे लोकरी मोजे काढले आणि आजीच्या पायांत आपल्या हाताने घातले. आजी "नको, नको" म्हणत राहिली. तिला मराठी कुठे येते? ती हसली, हात जोडले आणि निघून गेली. तिने काही म्हणजे काही विचारले नाही.

कुशीनगरला गेलो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांना दीक्षा देणारे महास्थविर चंद्रमणी इथेच राहत असत. तेही मूळ ब्रह्मदेशाचे. पुढच्याच महिन्यात बाबासाहेब काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले. प्रकृती साथ देत नव्हती, तरी त्याच दौऱ्यात लुंबिनी, सारनाथ, कुशीनगर त्यांनी पाहिले. ६ डिसेंबरला त्यांचे महापरिनिर्वाण झाले. हे आठवून आम्हाला तिथे रडू आवरले नाही.

शेवटी सोनौलीची सीमा ओलांडून लुंबिनी. धुक्यात अशोकाचा स्तंभ उभा. भगवंतांचे जन्मगाव म्हणून अशोकाने या गावचा कर माफ केला, पिकातला राजाचा वाटा आठवा ठेवला, असे त्यावर कोरले आहे. शेतकरी माणसाला हे लगेच समजते! भगवंतांचा जन्म झाडाखाली, बोधी पिंपळाखाली, पहिला उपदेश मृगदावात, महापरिनिर्वाण दोन शालवृक्षांमध्ये. आपण २०१३ च्या दुष्काळात टँकरच्या पाण्यातला तांब्या-तांब्या घालून अंगणातला पिंपळ जगवला, ते वाया गेले नाही.

आता चूक सांगतो. परत आल्यावर चार महिन्यांनी एका रात्री अवकाळी पाऊस आला. ऊसतोडीहून परतणारे एक कुटुंब विहाराच्या फाटकाशी आले. बाईच्या कडेवर लेकरू. "रातभर ओसरीला पडतो," म्हणाले. किल्ली आमच्याकडे होती. आणि आमच्याच तोंडून प्रश्न निघाला, "कोणत्या समाजाचे तुम्ही?" तो माणूस गप्प झाला. आजीने घागर उचलली होती ना, तसेच त्याने गाठोडे उचलले. आजीला कळले तेव्हा ती बॅटरी घेऊन सडकेपर्यंत धावली. तोवर ते अंधारात निघून गेले होते.

आजी परत येऊन एवढेच म्हणाली, "त्या बाईनं माझी जात इचारली असती, तर म्या पाय मागं घेतला असता."

मंडळी, सातव्या शतकात ह्युएनत्संग चीनहून हजारो कोस चालत महाराष्ट्रात आला होता. इथले लोक उपकार स्मरतात, असे त्याने लिहून ठेवले आहे. ते खरे ठरवायचे आपल्या हातात आहे. वर्धापनदिनी आमचे मागणे थोडेच आहे. ओसरीवर बारमाही रांजण भरलेला असावा. पेटीत चार घोंगड्या असाव्यात. फाटकाची किल्ली जवळच्या घरी टांगलेली असावी. आणि कोणी वाटसरू आला, तर "जेवलात का?" एवढेच विचारावे.

पहिल्या चार घोंगड्या आम्ही आज आणल्या आहेत. आजीनेच त्या धुऊन दिल्या.

नमो बुद्धाय. जय भीम.