बीडकरांचा समुद्र



आजचा विषय जाहीर होताच आमच्या एका स्नेह्यांनी विचारले, “अहो, इथे बिंदुसरेला पाणी नाही आणि तुम्ही समुद्राच्या गोष्टी कसल्या सांगता?” प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर देणे हाच आमचा हेतू. समुद्राशी बीडचा देण्याघेण्याचा व्यवहार फार जुना आहे. अलीकडे मात्र त्या वहीत आपल्या नावावर बाकी निघू लागली आहे.

प्रथम घेण्याची बाजू पाहू. पृथ्वीच्या पाठीवर शंभरांतले सुमारे ७१ भाग समुद्र आहे. त्याची सरासरी खोली ३,७०० मीटरांच्या आसपास भरते. त्याच्या किलोभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. पण सर्वत्र हे प्रमाण सारखे नसते. गंगा, ब्रह्मपुत्रा, महानदी, गोदावरी, कृष्णा या नद्या बंगालच्या उपसागरात रिकाम्या होतात, म्हणून त्याचे वरचे पाणी अरबी समुद्राहून कमी खारट असते. कमी खारट पाणी हलके. ते वरच राहते, खालच्या थंड पाण्यात सहजी मिसळत नाही. त्यामुळे वरचा थर ऊबदार राहतो आणि ढगांना बळ मिळते.

मृगाचे ढग अरबी समुद्राकडून येतात खरे. परंतु त्यांचे बरेचसे पाणी सह्याद्रीवरच रिते होते आणि आपल्या वाट्याला पर्जन्यछाया येते. उत्तरा-हस्तात बंगालच्या उपसागरात कमी दाबाचे क्षेत्र निर्माण होऊन ते पश्चिमेकडे सरकले, म्हणजे आपल्या रब्बीच्या ज्वारीला ओल मिळते. जो समुद्र आपल्यापैकी अनेकांनी पाहिलाही नसेल, तो आपली भाकर असा पिकवतो.

आता देण्याची बाजू. बिंदुसरा सिंदफणेला मिळते, सिंदफणा मंजरथजवळ गोदावरीला. ती गोदावरी १,४६५ किलोमीटरांचा प्रवास संपवून आंध्रात, राजमहेंद्रीच्या खाली, फाटे फुटून समुद्रास जाते. जाताना ती आपली काळी माती आणि वाळू बरोबर नेते. मुखाशी वेग मंदावला की हा गाळ बसतो आणि त्रिभुज प्रदेश तयार होतो. ही ओली जमीन स्वतःच्या भाराने हळूहळू दबत असते. शिवाय लाटा तिच्या कडा खात असतात. दरवर्षी नवा गाळ आला तरच जमाखर्च जुळतो. याच गाळावर कोरिंगाचे खारफुटीचे जंगल उभे आहे. ते वादळाच्या लाटांचा जोर मोडते. मासळीची आणि कोळंबीची पिल्ले तेथेच वाढतात.

हा जमाखर्च आता बिघडला आहे. पोलावरम येथील मोजणीप्रमाणे १९७०नंतरच्या दशकात गोदावरीचा गाळ वर्षाला सरासरी १५ कोटी टनांच्या घरात होता. १९९०नंतरच्या दशकात तो ६ कोटी टनांच्या आत आला. याचे मुख्य कारण खोऱ्यातली लहानमोठी धरणे, असे अभ्यासकांचे मत आहे. १९७६ साली पुरे झालेले पैठणचे जायकवाडी धरण त्यांतलेच. मुखाकडील किनारा जागोजाग मागे हटू लागला. आपल्या जलाशयात गाळ साचून पाण्याची जागा घटते आणि तिकडे कोळ्याच्या पायाखालची भुई जाते. एकाच गाळाचे हे दोन तोटे.

मग धरणे फोडायची काय? मुळीच नाही. ज्या जिल्ह्याने टँकरपुढच्या रांगा पाहिल्या, त्याला असा उपदेश करणे ही क्रूरता होईल. परंतु धरण ही गरज आहे म्हणून वाळूचा उपसाही गरजच ठरत नाही. गेवराई-माजलगावकडे गोदावरीच्या पात्रातून ट्रक भरभरून वाळू जाते. वर धरण असल्यामुळे तेथे नवी वाळू लवकर येत नाही. पात्र खोल जाते, काठच्या विहिरींचे पाणी उतरते, आणि समुद्रकाठाला जायची ती वाळू वाटेतच संपते. दोष केवळ उपसणाऱ्यांचा नव्हे. आपल्यापैकी कित्येकांची घरे याच वाळूची आहेत, आमचेही आहे. खडी दळून केलेली वाळू आज मिळते. पुढचे घर बांधताना ती मागणे आपल्या हाती आहे.

जे पाठवायचे ते आपण अडवले आणि जे अडवायचे ते मात्र सोडून दिले. गावाचे सांडपाणी आणि प्लास्टिकच्या पिशव्या बिंदुसरेत जातात. ही घाण दूर समुद्रात जाईल, आपल्याला काय, असे कोणी समजू नये. तिच्या वाटेवर पहिला मुक्काम माजलगावच्या धरणाचा आहे, आणि त्याच धरणातून बीडच्या नळांना पाणी येते. समुद्राआधी ती आपल्याच हंड्यात पोचते!

तेव्हा आमच्या स्नेह्यांना आमचे उत्तर एवढेच, की समुद्र बिंदुसरेच्या पुलाखालीच सुरू होतो. घरी जाताना त्या पुलावर क्षणभर थांबून खाली पाहावे, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.