दोन वर्षांची विद्या
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात, विद्यार्थी-गुणगौरवप्रसंगी केलेले भाषण)



संगणकसुरक्षा व कृत्रिम बुद्धिमत्ता या विषयांवर आमच्यासारख्या मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या निवृत्त शिक्षकाने बोलावे, याचे कित्येकांस नवल वाटेल. परंतु या विद्यांचे अंतरंग उलगडण्याचा आमचा अधिकार नाही. त्या शिकविण्याची जी एक रीत अमेरिकेत रूढ आहे, तिच्याकडेच आम्ही आपले लक्ष वेधू इच्छितो.

त्या देशात कम्युनिटी कॉलेज नावाची संस्था आहे. इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे १९०१ साली अवघ्या ६ विद्यार्थ्यांनिशी तिचा आरंभ झाला. १९४७ साली राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांच्या आयोगाने तिचा पुरस्कार केला. आज अशी महाविद्यालये १,०००च्या आसपास आहेत. गुणांची कडक चाळणी नाही, स्थानिकांस फी बेताची, नोकरी करणाऱ्यांसाठी सायंकाळचे वर्ग, आणि दोन वर्षांनी असोशिएट पदवी. ॲरिझोनातील मॅरिकोपा महाविद्यालयांनी इंटेल कंपनीच्या साह्याने २०२० साली कृत्रिम बुद्धिमत्तेचा असा अभ्यासक्रम सुरू केला. माहिती निवडणे-पाखडणे, तीवरून यंत्रास शिकविणे आणि यंत्राचे उत्तर खरे की खोटे हे पडताळणे, असे त्याचे स्वरूप असते.

सुरक्षेच्या वर्गात मुद्दाम उभारलेल्या जाळ्यावर लुटुपुटीचा हल्ला करून तो ओळखावयास शिकवितात. संगणक आपल्या हालचालींची नोंद ठेवतो, तिला लॉग म्हणतात. जुना मुनीम रोजकीर्द वाचून चूक हुडकी, त्याच नजरेने ही नोंद वाचणे हे नवशिक्याचे मुख्य काम होय. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये गेले, तेव्हा एकही कुलूप तुटले नव्हते. बनावट यंत्रणा बँकेच्या वतीने संमती देत होती आणि देशोदेशीच्या एटीएममधून पैसे निघत होते. अशा ठिकाणी जागता पहारेकरी हवा, आणि तो प्रत्येक वेळी अभियंताच असला पाहिजे असे नाही.

हे ऐकून कोणी मुलांस तिकडे धाडण्याची घाई करील, म्हणून सांगतो: परदेशी विद्यार्थ्यास फी कितीतरी अधिक पडते, आणि सरकारी सुरक्षेच्या पुष्कळ जागा तेथील नागरिकांसच मिळतात. शिवाय आरंभीची काही कामे आता यंत्रच करू लागले आहे; प्रमाणपत्र म्हणजे नोकरीची हमी नव्हे. आपल्या देशातही पाँडिचेरी विद्यापीठाने १९९५ सालीच कम्युनिटी कॉलेज काढले होते. तंत्रनिकेतने व आय.टी.आय. तर आपल्या तालुक्यांतून आहेतच. पण वधूवर-सूचीत आय.टी.आय. हा शब्द छापावयास आपले पालक संकोचतात, त्यास काय म्हणावे!

आता घरचे सांगतो. गतवर्षी एका भगिनीने संगणकजाळ्याच्या पदविकेसाठी शिक्षणनिधीकडे अर्ज केला होता. वडील अंथरुणाला खिळलेले, धाकटी दोन भावंडे. लवकर मिळवते होणे तिला भाग होते. ‘पदवी अभ्यासक्रम नव्हे’ असा शेरा मारून अर्ज परत गेला. आज ती एका दुकानात हिशेब लिहिते. नियमाप्रमाणे शेरा बरोबर होता. म्हणून नियमच बदलावा असे आमचे म्हणणे आहे. ‘पदवी’ या शब्दाऐवजी ‘शासनमान्य अभ्यासक्रम’ असे शब्द घालावेत, अशी लेखी सूचना आम्ही चिटणीसांकडे दिली आहे. तीस अनुमोदकाची सही अद्याप व्हावयाची आहे. कागद व्यासपीठाच्या मेजावर ठेविला आहे.