कान आधी, ॲप नंतर
(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



नोकरी आणि मुलंबाळं सोडून दुसरं काहीतरी बोल, अशी संयोजकांची अट आहे. म्हणून गेली तीन वर्षं मी जे शिकते आहे त्याबद्दल बोलते. पियानो सुरात लावणं! सॉफ्टवेअरवाली बाई पियानोत डोकं घालून काय करते, हे ग्रुपवर बऱ्याच जणांनी विचारलं होतं.

पुण्याला आमच्या घरी मुलीसाठी जुना उभा पियानो घेतला. पावसाळ्यात दमट हवेने त्याचा आतला लाकडी फळा फुगतो आणि सूर चढतात. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की ते उतरतात. म्हणजे वर्षातून दोनदा तरी ट्यूनर लागतोच. आमच्याकडे येणारे काका सत्तरी ओलांडलेले, सगळी हयात निव्वळ कानावर काम केलेलं. एकदा ते आपणहून म्हणाले, "ताई, अगदी वरचे सूर मला आता नीट ऐकू येत नाहीत. गिऱ्हाइकं बोलायला लागलीत. ते मोबाइलमधलं यंत्र तुम्हीच निवडून द्या." मी म्हटलं, देते, पण मला हे काम शिकवा. असा आमचा सौदा ठरला.

पियानोला ८८ पट्ट्या आणि साधारण २३० तारा असतात. बहुतेक सुरांना तीन-तीन तारा. रबराच्या पाचरीने दोन तारा गप्प करायच्या, एक लावायची, मग बाकीच्या एकेक मोकळ्या करून तिच्याशी जुळवायच्या. दोन तारा जवळ आल्या पण जुळल्या नाहीत, तर आवाज हेलकावतो. सर, तुम्ही प्रयोगशाळेत दोन नादकाटे एकदम वाजवून, एकाला मेण लावून दाखवलं होतंत, तोच हा हेलकावा. एक तार ४४० आणि दुसरी ४४१ असेल, तर सेकंदाला एक हेलकावा. पहिले दोन महिने काकांनी मला फक्त हेच ऐकायला लावलं. मोबाइल पर्समध्येच.

पुढची गंमत अशी की, पियानोत सगळे हेलकावे काढून टाकायचे नसतातच. तंबोऱ्यातला षड्ज-पंचम शुद्ध लावतो, ३:२ प्रमाणात. पण असे १२ शुद्ध पंचम एकावर एक रचले, तर आपण सात सप्तकांच्या किंचित पुढे जातो. हा जास्तीचा भाग बाराही पंचमांत थोडा थोडा वाटून द्यावा लागतो. त्यामुळे पियानोत सप्तक सोडून कुठलीच जोडी पूर्ण शुद्ध नसते. मधल्या 'सी'च्या खालचे 'एफ' आणि 'ए' एकत्र वाजवले, तर सेकंदाला सुमारे ७ हेलकावे आले पाहिजेत. काका घड्याळ न पाहता ते ओळखतात.

आता यंत्राची निवड. गिटारसाठी मिळणारा साधा ट्यूनर इथे पुरत नाही. तो गणिताने काढलेले आकडे दाखवतो. पियानोच्या पोलादी तारा ताठर असतात, त्यामुळे त्यांचे वरचे उपस्वर नेमक्या पटीपेक्षा थोडे चढे निघतात. म्हणून खालचे सूर जरा खाली आणि वरचे जरा वर ताणावे लागतात. रेल्सबॅक यांनी १९३८ मध्ये हा ताण मोजून मांडला. तो प्रत्येक पियानोत वेगळा असतो.

म्हणून माझी पहिली अट होती, की ॲपने समोरचाच पियानो ऐकून हिशेब केला पाहिजे. ट्यूनलॅब, व्हेरीट्यूनर, पियानोमीटर हे करतात. जर्मनीतल्या वुर्झबर्ग विद्यापीठात तयार झालेलं एन्ट्रॉपी पियानो ट्यूनर तर फुकट आहे. दुसरी अट, इंटरनेटशिवाय चाललं पाहिजे. तिसरी अट काकांची होती, "माझ्या कानाला पटलं नाही, तर मला ते बदलता आलं पाहिजे." शेवटी त्यांनी ट्यूनलॅब घेतलं. त्यात सूर कमी असेल तर पट्ट्या डावीकडे सरकतात, जास्त असेल तर उजवीकडे, आणि जुळला की थांबतात. दोन्ही हात कामात असताना लांबूनही दिसतं.

पण पट्ट्या थांबल्या म्हणजे काम झालं, असं नाही. खुंटी नुसतीच पिळली गेलेली असते, तार वळणावर अडकलेली असते. दोनदा जोरात पट्टी मारली की सूर घसरतो. तार कुठे आहे ते यंत्र सांगतं, ती तिथे राहील का ते मनगटालाच कळतं. मी पोटासाठी सॉफ्टवेअर लिहिते, म्हणून हे मुद्दाम सांगते. पडद्यावर हिरवा दिवा लागला की आपण ऐकणं थांबवतो, आणि हे पियानोपुरतंच खरं नाही.

काका आजही काम करतात. मधली सप्तकं कानाने, अगदी वरची मोबाइलच्या मदतीने. यंत्राने त्यांचा कान हिरावला नाही, उलट त्यांचं काम वाचवलं. कारण काय ऐकायचं हे त्यांना आधीच ठाऊक होतं. वरचे सूर आपल्यालाही एक दिवस सोडून जाणार आहेत, चाळिशी तर सगळ्यांनीच ओलांडली! तोवर ऐकायला शिकून घेऊ या. कुणाच्या घरी बेसूर पियानो पडून असेल, तर जेवणाच्या सुट्टीत मला गाठा. पाचरी आणि लिव्हर गाडीतच आहेत.