ब्लेडच्या खात्यावरचे पुण्य

गोल्फ खेळणाऱ्याचा हँडिकॅप (हा आकडा जितका लहान, तितका खेळ चांगला) बारा-चौदाच्या आसपास स्थिरावला, की एक प्रश्न त्याच्या मनात हटकून डोकावतो: आता आपण ब्लेड घ्यावेत का? जे खेळत नाहीत त्यांच्यासाठी थोडा खुलासा करतो. नियमाप्रमाणे पिशवीत जास्तीत जास्त १४ क्लब ठेवता येतात. त्यांतले सहा-सात तरी आयर्न असतात, म्हणजे फेअरवेवरून चेंडू ग्रीनवर पोचवण्यासाठीचे लोखंडी डोक्याचे क्लब. या डोक्यांची दोन घराणी आहेत. ब्लेड म्हणजे सलग, सडपातळ आणि पाठीकडून भरीव तुकडा. त्याचे वजन जिथे चेंडू लागायला हवा त्या मध्याच्या मागे एकवटलेले असते. कॅव्हिटी बॅकच्या पाठीला खळगा असतो आणि तिथून काढलेले वजन कडांना, टाचेच्या आणि टोकाच्या बाजूला नेलेले असते. पहिल्याला रूप आणि प्रतिष्ठा आहे, तर दुसऱ्याला सोपे म्हणून जरा हिणवले जाते. माझे म्हणणे असे, की ब्लेडच्या खात्यावर जमा असलेले पुष्कळसे पुण्य त्याने स्वतः कमावलेले नाही. ते त्याच्यासोबत येणाऱ्या इतर गोष्टींचे आहे, आणि त्या ब्लेडशिवायही मिळतात. हे एकदा लक्षात आले, की निर्णय फारसा अवघड राहत नाही.

ही प्रतिष्ठा आली कुठून, ते आधी पाहू. १९५० सालची यूएस ओपन, फिलाडेल्फियाजवळचे मेरियन. सोळा महिन्यांपूर्वी बसच्या धडकेतून जेमतेम वाचलेला बेन होगन शेवटच्या होलवर एक नंबरचा आयर्न मारून, हात उंचावलेल्या पवित्र्यात उभा आहे आणि समोर ग्रीनभोवती माणसांची भिंत आहे. हाय पेस्किनने पाठीमागून टिपलेले ते छायाचित्र गोल्फच्या जगात पूजेला लागले. पुढे १९७२ साली पेबल बीचच्या सतराव्या होलवर जॅक निकलसने एक नंबरच्याच आयर्नने मारलेला चेंडू झेंड्याच्या काठीवर जाऊन आदळला. दोघांच्याही हातात ब्लेड होते, हे खरे. पण होगनने ते निवडले होते असे म्हणता येत नाही, कारण त्या काळी निवडायला दुसरे काही नव्हतेच. निकलसची कारकीर्द घडत होती तेव्हाही परिस्थिती फार वेगळी नव्हती. पर्याय उभा केला तो कार्स्टन सोल्हाइम यांनी. जन्म नॉर्वेतला, वाढले अमेरिकेत, जनरल इलेक्ट्रिकमध्ये इंजिनिअर होते आणि चाळिशी उलटल्यावर गोल्फकडे वळले. चेंडू जरा आडबाजूला लागला की पटर, म्हणजे ग्रीनवर चेंडू होलकडे ढकलण्याचा क्लब, हातात पिळला जातो, हे त्यांच्यातल्या इंजिनिअरला खटकले. १९५९ साली त्यांनी आपल्या गॅरेजमध्ये टाचेला आणि टोकाला वजन विभागलेला पटर बनवला. चेंडूला लागताच त्याचा जो आवाज येई त्यावरून त्याचे नाव पडले पिंग. हेच तत्त्व त्यांनी आयर्ननाही लावले आणि १९६७ साली नोकरी सोडली. १९८२ साली आलेला त्यांचा आय टू हा संच जगभर अफाट खपला आणि १९८९ साली मार्क कॅल्कावेकियाने ब्रिटिश ओपन जिंकली ती त्याच आयर्ननी. जाता जाता एक नोंद करतो. होगन आणि निकलस यांचा तो एक नंबरचा आयर्न आज दुकानात शोधूनही सापडणार नाही. व्यावसायिक खेळाडूंनीच त्याला रजा दिली आणि कुणाला त्यात कमीपणा वाटला नाही.

आता सोल्हाइम यांच्या युक्तीमागचे शास्त्र पाहू. सेव्हन आयर्नचे डोके साधारण पावणेतीनशे ग्रॅमचे असते, तर चेंडू नियमाप्रमाणे ४५.९३ ग्रॅमपेक्षा जड असू शकत नाही. दोघांची गाठभेट होते जेमतेम अर्धा मिलिसेकंद. चेंडू नेमका मध्यावर लागला, तर डोक्याचे वजन मध्यात साठवले आहे की कडांना, याच्याशी चेंडूला काही देणेघेणे नसते. मागचे एकूण वस्तुमान तेवढेच असते. तेव्हा मध्यावर वजन असल्यामुळे ब्लेडचा फटका जोरकस जातो, ही समजूत टिकत नाही. फरक सुरू होतो तो चेंडू मध्यापासून सरकला की. मग डोके स्वतःभोवती वळू पाहते, वेग गळतो आणि दिशा बिघडते. दोरीवरून चालणारा डोंबारी हातात लांब आडवी काठी धरतो ती शोभेसाठी नव्हे. वजन जितके मध्यापासून दूर, तितके वळायला जड. म्हणजे केवळ वजनाच्या वाटपापुरते बोलायचे तर नेम साधल्यावर ब्लेडकडून विशेष काही मिळत नाही, आणि नेम चुकल्यावर मात्र दंड जास्त बसतो.

यावर पहिली हरकत येते ती फीलची. फोर्ज केलेल्या ब्लेडवर चेंडू बरोबर लागला की लोण्यातून सुरी फिरल्यासारखे वाटते, असे खेळाडू सांगतात. ते सुख खोटे आहे असे मी म्हणणार नाही. पण ते येते कुठून? फटक्याची कंपने शाफ्टमधून हातापर्यंत पोचतात तोवर चेंडू निघून गेलेला असतो, म्हणजे त्या संवेदनेचा त्या चेंडूवर काहीही परिणाम होऊ शकत नाही. शिवाय इंग्लंडमधल्या लफबरो विद्यापीठातल्या संशोधकांनी फटक्याच्या आवाजाचा अभ्यास केला, तेव्हा खेळाडू ज्याला हाताला जाणवलेले म्हणतात त्यात कानाला ऐकू आलेल्याचा वाटा मोठा असल्याचे दिसले. आणि मऊ कार्बन पोलादातून घडवलेले, म्हणजेच फोर्ज केलेले, कॅव्हिटी बॅकही भरपूर मिळतात. फोर्जिंग ही घडवण्याची रीत झाली आणि ब्लेड हा आकार झाला. दोन्ही एकत्र पाहायची सवय लागली, म्हणून एकाचे गुण दुसऱ्याच्या नावावर चढले.

अंतराच्या नेमकेपणाचेही असेच आहे. कमी श्रमात लांब जावेत म्हणून केलेल्या आजच्या आयर्नमध्ये सेव्हनचा लॉफ्ट, म्हणजे चेहरा मागे कललेला कोन, २८ ते ३० अंशांपर्यंत खाली आणलेला असतो. ब्लेडच्या सेव्हनचा तो ३४-३५ अंश असतो. म्हणजे दुकानात चाचणी घेताना ज्या सेव्हनने आपण दहा-पंधरा यार्ड जास्त मारले म्हणून हरखतो, तो जुन्या हिशेबाने जवळजवळ सिक्सच असतो. अंक तेवढा बदललेला, आणि त्याचे पैसे आपण आनंदाने मोजतो! या आयर्नचा चेहरा पातळ आणि लवचीक असतो. त्यामुळे एखादा चेंडू अनपेक्षितपणे लांब जाऊन ग्रीनच्या पलीकडे पडतो, ही तक्रारही रास्त आहे. पण हा दोष पातळ चेहऱ्याचा आणि कमी लॉफ्टचा आहे. पाठीच्या खळग्याला त्यात गोवू नये. पारंपरिक लॉफ्टचे, एकसंध, आटोपशीर कॅव्हिटी बॅक हा दोष टाळतात. चेंडू डावी-उजवीकडे वळवण्याविषयीही बरेच बोलले जाते. वळण ठरते ते क्लबचा चेहरा आणि स्विंगचा मार्ग यांच्यातल्या कोनावरून. तो कोन कॅव्हिटी बॅकनेही देता येतो. ब्लेडचे डोके लहान आणि गुरुत्वमध्य किंचित उंच असल्याने ते हातात चटकन फिरते आणि वाऱ्याखालून बुटका फटका काढणे त्याने सोपे जाते, एवढे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. मात्र पीजीए टूरवरचे खेळाडूसुद्धा दीडशे यार्डांवरून सरासरीने झेंड्यापासून पंचवीस फुटांच्या आसपास राहतात. टीव्हीवर त्यांतले सर्वांत देखणे फटके तेवढे दिसतात. ज्याचा चेंडू ग्रीन गाठेल की नाही याचीच शंका, त्याने तो मुद्दाम किती वळवावा, हा ज्याचा त्याचा प्रश्न.

मग थोर खेळाडू ब्लेड का वापरतात? टायगर वूड्सने त्यांच्यासह इतिहास घडवला. हिदेकी मात्सुयामाने २०२१ची मास्टर्स ब्लेडनेच जिंकली. ही हरकत वजनदार आहे, पण पुरावा नीट पाहिला तर चित्र बदलते. झँडर शॉफलेने २०२४ साली पीजीए चॅम्पियनशिप आणि ब्रिटिश ओपन, दोन्ही जिंकल्या त्या कॅव्हिटी बॅकने. स्कॉटी शेफलरचा संच तर आणखी बोलका आहे. फाइव्हपासून पुढे ब्लेड, पण तीन आणि चार नंबरला जाड पाठीचे, चूक पोटात घालणारे आयर्न. जगातला पहिल्या क्रमांकाचा खेळाडू जिथे चूक होण्याची शक्यता वाढते तिथे मदत घेतो. आणि हे सारे लोक चेंडू चेहऱ्यावरच्या नाण्याएवढ्या जागेत पुन्हा पुन्हा लावतात, म्हणून ब्लेडचा दंड त्यांना क्वचितच भरावा लागतो. त्यांचे पाहून ब्लेड घेणारा तो भरत राहतो. दंड लहानही नाही. कोलंबिया विद्यापीठाचे मार्क ब्रॉडी यांनी टूरच्या हजारो फेऱ्यांच्या नोंदी तपासून दाखवले, की उत्तम खेळाडू इतरांवर जी आघाडी घेतात तिचा सुमारे ४० टक्के भाग ग्रीनकडे मारलेल्या फटक्यांतून येतो आणि पटिंगमधून साधारण १५ टक्के. म्हणजे आयर्नची निवड चुकली तर ती खेळाच्या सर्वांत महाग भागात चुकते.

आणखी एक युक्तिवाद असतो: ब्लेड शिकवते. चूक झाली की हाताला झिणझिण्या येतात, त्यामुळे स्विंग सुधारतो. यात तथ्य आहे, पण थोडेच. झिणझिण्या चूक झाल्याचे सांगतात. चेंडू टोकाला लागला की टाचेला, किती मिलिमीटर वर की खाली, हे त्या नेमके सांगत नाहीत. ते सांगते चेहऱ्यावर चिकटवलेली कागदी पट्टी किंवा पायाला लावायच्या पावडरीचा फवारा, तोही नगण्य खर्चात. ज्याला ब्लेडचे शिक्षण हवेच आहे त्याने जुन्या बाजारातून एकच सेव्हन आयर्न आणावा आणि रेंजवर त्याने सराव करावा. पूर्ण नव्या संचाला लाखाच्या वर मोजून प्रत्येक फेरीत फी भरत बसण्याची गरज नाही.

सोलचा, म्हणजे क्लबच्या तळाचा मुद्दा मात्र आपल्याकडे विशेष विचार करण्याजोगा आहे आणि त्याची चर्चा कमी होते. पुण्या-नागपूरकडे मे महिन्यात जमीन टणक होते. रुंद सोल तिच्यावरून उसळून चेंडूच्या मध्यावर आदळतो, तर ब्लेडचा अरुंद सोल खाली शिरतो. जुलै-ऑगस्टमध्ये तीच जमीन भिजून मऊ पडते आणि तोच अरुंद सोल मातीत रुतून फटका अर्ध्यावर मरतो. स्विंग उताराचा, मोठे ढेकूळ काढणारा असेल तर पावसाळ्यात अरुंद सोलचा फार त्रास होईल. चेंडू वरचेवर हलकेच उचलणाऱ्याला त्याचा त्रास कमी. इथेही मधल्या रुंदीचे सोल मिळतात, हे दुकानदार आपणहून सांगेलच असे नाही.

एवढे होऊनही कुणी म्हणेल, मला ते दिसायलाच आवडतात, खाली पाहिले की मन प्रसन्न होते. मला हे कारण सर्वांत प्रामाणिक वाटते. छंदात सौंदर्याला जागा नसेल तर कशात असावी? फक्त त्याची किंमत माहीत असावी. ती काढायची तर फाइव्ह किंवा सिक्स आयर्नने, चांगले-वाईट न निवडता, ओळीने तीसेक चेंडू मारा आणि पट्टीवरचे डाग पाहा. डाग चेहराभर पांगलेले असतील तर लांब आयर्नमध्ये ब्लेडचा विचार सोडून द्यावा. मध्याभोवती गोळा झालेले असतील तर आठ, नऊ आणि पिचिंग वेज एवढेच ब्लेड घेऊन बाकी कॅव्हिटी बॅक ठेवता येतात. अनेक कंपन्या आता असे जुळणारे संच विकतात. आपले जुने आणि नवे आयर्न जोडणार असाल तर सांध्यावर लॉफ्ट मोजून घ्या. जुना सेव्हन २९ अंशांचा आणि नवा ब्लेडचा एट ३८-३९ अंशांचा असेल, तर मध्ये दोन क्लबांएवढी दरी पडते आणि एकशे चाळीस यार्डांसाठी पिशवीत काहीच उरत नाही. फोर्ज केलेला आयर्न चांगला फिटर एक-दोन अंश वाकवून देतो, पण नऊ अंशांची दरी त्याने भरत नाही. अशा वेळी त्याच कंपनीचा जुळणारा सेव्हन सुटा मागवावा लागतो, तेव्हा पैसे मोजण्याआधी तो मिळतो का एवढे विचारून घ्या.